शालूचे डोळे, महाराजांचा आवाज

अकोटची शालू कॅमेऱ्यासमोर आपल्या गर्भपाताबद्दल बोलली, तेव्हा अर्ध्या गल्लीने तोंडात बोटं घातली. माय वं, हे काय सांगायची गोष्ट हाये! पण शालू नाकावर माशी बसू न देणारी. दोन पोरं पदरात होती, तिसरं नको होतं. नवऱ्याशी बोलून ती अकोल्याच्या दवाखान्यात गेली, कायद्यात बसतं तसं सगळं करून आली आणि पुन्हा आपल्या शिलाई मशीनवर बसली. यात लपवायचं काय? "मले त्याचं वाईट नाही वाटत," असं तिने माहितीपट काढायला आलेल्या पुण्याच्या शेखर सरांना स्वच्छ सांगितलं होतं.

आज तोच माहितीपट अमरावतीला एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवत होते. अजून पक्का झाला नव्हता. त्यात दिसणाऱ्यांना आधी दाखवायचा, मग शेवटचा हात फिरवायचा आणि गावोगाव न्यायचा, असं ठरलं होतं. शालू सासूला, कौशल्याबाईंना, सोबत घेऊन एसटीने आली होती.

सुरुवात बरी होती. डॉक्टरीणबाई बोलल्या, शालूही बोलली. पण "वाईट नाही वाटत" हे काही आलंच नाही. मग गर्भपाताच्या विरोधातले एक महाराज पडद्यावर आले. "अशी बाई जन्मभर पस्तावते," ते म्हणाले, आणि त्या आवाजावर शालूचा चेहरा! मान खाली, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शालूच्या अंगाचा तिळपापड झाला. हा चेहरा कधीचा ते तिला पक्कं आठवत होतं. बोलणं संपल्यावर सर म्हणाले होते, "आता जरा कोणी बोलू नका, खोलीचा नुसता आवाज घ्यायचाय." त्यांच्या धंद्यात तशी रीत असते म्हणे. शालू गुमान बसली, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारणीच्या तव्यावर ठेच्याच्या मिरच्या पडल्या. डोळ्यांची आग आग झाली, पण खोकायचीही चोरी. कॅमेरा मात्र चालूच होता.

दिवे लागताच ती उठली. "सर, मी रडून नव्हती राहिली. शेजारी मिरच्या भाजून राहिले होते. तुमी भी तर डोळे पुसून राहिले होते!"

हॉल हसला. सर हसले नाहीत. "ताई, दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. समतोल नको का?"

"मंग दाखवा ना महाराजाले, खुशाल दाखवा! त्याईच्या बोलण्यावर माहं तोंड काहून?"

"पण थोडं तरी वाईट वाटलंच असेल ना?"

घ्या! म्हणजे याने आधीच ठरवलेलं होतं. आता हे चित्र गावोगाव फिरणार, पोरांच्या शाळेतही पोचणार, आणि शालू पस्तावली असंच जो तो म्हणणार.

तेवढ्यात कौशल्याबाई पदर सारखा करत उभ्या राहिल्या. गर्भपाताच्या वेळी याच सासूने घर डोक्यावर घेतलं होतं. भर सभेत उलटली तर?

"साहेब, तुमाले दुसरी बाजू पायजे ना? ते मी हाये. हिचं-माहं लई वाजलं तवा. मले आजही ते पटत नाही. पण घरात मी होती, तुमचे महाराज नव्हते. पोरगी रडली नाही. रडली मी. रडणंच दाखवायचं असंल तर कॅमेरा इकडं फिरवा, अन् माह्या सुनेचं तोंड तिथून काढा."