लाल टिंब, निळं टिंब

माझ्या थोरल्या नातवाचं लग्न ठरलं, मोडलं आणि तीन महिन्यांनी त्याच मुलीशी पुन्हा ठरलं, त्या सालची ही गोष्ट. घरात सगळे त्या गडबडीत. मी मात्र रोज दुपारी भाचीकडे जाऊन बसायची.

माझ्या भावाला जुळ्या मुली. एकीला सगळं घर ताई म्हणतं, दुसरीला चिमी. दोघी एकसष्ट वर्षांच्या झाल्या तरी चिमी चिमीच राहिली. त्या साली ताईला पोटाचा आजार झाला आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. डॉक्टर घरी न्या म्हणतात तेव्हा काय समजायचं, हे चाळीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काढलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. या दोघी माझ्याच हातात जन्मल्या होत्या.

एका दुपारी मी ताईचे केस विंचरत होते. चिमी औषधाच्या बाटल्या पुसून ओळीने लावत होती.

"आत्या, एक विचारू?" ताई म्हणाली, "खोटं बोलायचं नाही."

"विचार की."

"आमच्यात मोठी कोण?"

"हा काय प्रश्न झाला? तू मोठी. म्हणून तर ताई."

"बघ, बघ," ती चिमीला म्हणाली, "खिडकीकडे बघून बोलली. आई म्हणायचीच, हिला हे विचारलं की हिची मान वळते."

मुलींची आई लवकर गेली तेव्हा भाऊ म्हणाला होता, मोठी घर सांभाळेल. ताईची शाळा नववीत सुटली. चिमी शिकली, शिक्षिका झाली. खेळणं असो, खाऊ असो, नवं कापड असो, ताईच्या कानावर एकच वाक्य पडायचं: तू मोठी ना, मग सोड. तिनं सोडलं. तक्रार कधी केली नाही.

"मला काही परत मागायचं नाही," ताई म्हणाली. "पण आयुष्यभर जी जागा सांभाळली, ती माझी होती का, एवढं कळू दे. मग मी मोकळी."

मी कंगवा खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या पावलाला शाई लावून ठसा कागदावर घ्यायचे. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. म्हणून मोठ्या सिस्टरांनी मला एक पेन्सिल दिली होती, एक टोक लाल, एक निळं. जुळं असलं की पहिल्याच्या पावलाखाली लाल टिंब द्यायचं, दुसऱ्याच्या पावलाखाली निळं. ते मी दिलं. पहिल्याच्या मनगटाला दोराही बांधला. पण अंघोळ घालताना दोरा सुटून पाण्यात तरंगायला लागला, आणि टॉवेलवर दोन ओल्या पोरी, दोन्ही सोललेल्या गाजरासारख्या लाल, कोण कुठली काही कळेना. ठशांचा कागद सिस्टरांकडे गेला होता, आणि नोकरी लागून चारच महिने झालेले, तो परत मागायचा धीर झाला नाही. जी हाताशी होती तिला मी दोरा बांधला. ती ताई.

"म्हणजे अंदाजपंचे!" चिमी ओरडली.

"हळू बोल, आत्या घाबरेल," ताई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"मग तो कागद कधी बघितला नाहीस?" चिमीनं विचारलं.

बघितला होता. बेचाळिसाव्या वर्षी मी लिहा-वाचायला शिकले, तेव्हा धीर करून त्याची नक्कल मागितली. नक्कल मिळाली ती काळ्या शाईतली. पावलं स्वच्छ उमटली होती. त्यातल्या एका पावलाची दोन बोटं जोडलेली. चिमीच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली आहेत, शाळेत तिला बदक म्हणायचे. तेव्हा कुठलं पाऊल कोणाचं, हे कळत होतं. पण दोन्ही टिंबं सारखीच काळी. लाल कुठलं नि निळं कुठलं, तेवढंच कळत नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि ठेवून दिली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

"मूळ कागद कुठंय?"

"मोठ्या इस्पितळात. प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा सगळी गाठोडी तिकडे गेली."

"उद्या जाऊ," चिमी म्हणाली.

"आणि मोठी तू निघालीस तर?" ताईनं विचारलं.

चिमीनं पुसलेली बाटली पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळाच्या कागदपत्रांच्या खोलीत गेलो. लांबलचक खोली, लोखंडी मांडण्या, आणि मांडण्या साफ रिकाम्या. दाराशी मोठे कारकून बसले होते. चिमीचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"उशीर केलात, मावशी. सगळं स्कॅन झालं. कागद दोन महिन्यांपूर्वी लगद्याला गेले."

"पण त्याचं चित्र असेल ना?"

"चित्र आहे. काळं-पांढरं. मी स्वतः लेखी आदेश दिला होता, सगळं काळं-पांढरं करा, जागा कमी लागते."

एकसष्ट वर्षं जे कळू नये असं मला वाटत होतं, ते आता कधीच कळणार नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं. माणसाचं काही खरं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्कॅनरवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, मी काळं-पांढरं नाही केलं."

"म्हणजे?"

"आपोआपवर ठेवलं होतं."

"अहो, मी लेखी दिलं होतं!"

"दिलं होतं. मी वाचलंही होतं."

बाई मला म्हणाल्या, "या मावशी, इकडे बसा."

यंत्र शिलाई मशीनपेक्षाही लहान होतं. बाईंनी दहा-बारा कोरी पानं घेतली, मधल्या एकावर मला लाल पेन्सिलीनं टिंब द्यायला लावलं आणि गठ्ठा यंत्रात ठेवला. पानं सरसर आत गेली, सरसर बाहेर आली. पडद्यावर सगळी काळी-पांढरी, आणि माझं तेवढं एक रंगीत.

"पान आत जाताना ते कणाकणात रंग शोधतं," बाई म्हणाल्या. "रंग नसला तर साधं ठेवतं, असला तरच रंगीत. कागद म्हातारा होऊन पिवळा पडला तरी फसत नाही, तो पिवळेपणा पानभर सारखा असतो. पण कोपऱ्यात नखाएवढा शिक्का असला तरी धरतं. किती बारीक धरायचं, ते मात्र आपण सांगायचं. आधी फिके शिक्के सुटत होते. चार दिवस खपून मी ते जमवलं."

"त्या चार दिवसांचा मी खुलासा मागवला होता," मोठे कारकून म्हणाले.

"आणि मी तो दिला होता," बाई म्हणाल्या.

मी त्या यंत्राकडे बघतच राहिले. आमच्याकडे एका दालनात वीस पाळणे असायचे. सगळी बाळं झोपलेली. प्रत्येकाला उचलून बघायला गेलं तर वीसही उठून रडतात, आणि न बघता पुढं गेलं तर एखादं हातचं जातं. चालता चालता, पाय न थांबवता, कुणाचे ओठ निळसर झालेत ते दिसलं पाहिजे. दिव्याचा पिवळा उजेड सगळ्यांच्याच तोंडावर असतो, त्याला भुलायचं नाही. मला हे यायला सात वर्षं लागली. मोठ्या सिस्टरांनी माझी पाठ थोपटली ती आयुष्यात एकदाच, आणि ती याच गोष्टीसाठी. त्या पेटीला ती नजर होती. आणि पेटीला ती नजर लावून देणारी ही बाई, जिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं, उलट खुलासा मागितला होता.

"बाई, तुमचे हात सोन्याचे," मी म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि घाईघाईनं कामाला लागल्या.

त्या सालची पानं चार हजारांवर होती. बाईंनी कळ दाबली. रंगीत निघाली त्रेसष्ट. आम्ही एक एक बघत गेलो. जांभळे शिक्के, कुणाचा तरी निळा अंगठा, सांडलेलं लाल औषध. एकेचाळिसाव्या पानावर चार इवली पावलं आली.

जोडलेल्या बोटांच्या पावलाखालचं टिंब लाल होतं. फिकं, पण लाल. शेजारचं निळं.

"आहे बुवा लाल," मोठे कारकून चिमीच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. मग जरा थांबून बाईंना म्हणाले, "तो माझा आदेश जरा फाडून टाका."

चिमी बाकावर बसली ती किती वेळ उठेना. बाईंनी रंगीत प्रत काढून माझ्या हातात दिली.

घरी गेल्यावर चिमीनं ती ताईच्या हातात ठेवली. ताईनं प्रत डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"म्हणजे एकसष्ट वर्षं मी तुझी नोकरी केली!"

"ताई, अगं..."

"ताई कुणाला म्हणतेस? ताई तू. चल, पाय चेप."

चिमी रडत रडत पायाशी बसली. ताई माझ्याकडे वळली. "आत्या, तुझ्यापेक्षा ते यंत्र बरं गं."

"बरंच बरं," मी म्हणाले. तिनं एवढंच बोलून मला सोडलं.

चिमी त्याच संध्याकाळी आपली बॅग घेऊन तिथं राहायला आली. ताईला लाड करून घ्यायची सवय नव्हती, पण तीही शिकली. औषध कडू म्हणून तोंड फिरवायची, उशी टोचते म्हणून रुसायची, सफरचंदाची पहिली फोड स्वतःला मागायची. चिमी म्हणायची, "गप पड, मी मोठी आहे." ताई गप पडायची, आणि उशीत तोंड लपवून हसायची. असे सात आठवडे गेले. नातवाच्या लग्नाला तिनं हट्टानं नवी साडी नेसली, चिमीपेक्षा भारी.

लग्नानंतर नवव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ताई गेली. धाकटी बहीण म्हणून गेली. चिमी उशाशी होती.