मधाचा वाटा

फोन उचलायला भूपेशला हात नव्हते, मध काढायला मात्र बरोबर होते. हे रंजूला कळलं तेव्हा ती अंगणात झिंगे निवडत बसली होती, आणि तिचं डोकं असं सणकलं की हातातलं सूप तिने आपटलंच.

झालं असं, की पायरीवर मोबाइल घेऊन बसलेली खुशबू एकदम हरखून ओरडली, "आई, बाबा येऊन गेले!"

"कुठी आले? कवा?" रंजू अर्धी उठलीसुद्धा.

"गेममधी. पेट्यांतला मध काढला त्याईनं. अन् माझा वाटा ठेवला."

रंजू परत खाली बसली. सांडलेले झिंगे गोळा करायचंही तिला सुचलं नाही.

भूपेश म्हणजे रंजूचा नवरा. पवनीजवळच्या या गावात त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलावात आणि वैनगंगेत जाळी टाकणारं. हा मात्र गुजरातेत सुताच्या कारखान्यात गेला. कमावतोय बापडा, म्हणून बाजारात शेजारी मासे विकणाऱ्या बायकांना रंजूनेच कौतुकाने सांगितलं होतं. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्याने. दिवाळीला साहेब आले नाहीत, आणि दिवाळीनंतर फोन घेणंच बंद. रिंग पूर्ण वाजायची, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर काही नाही. त्याची सख्खी आई गुणाबाई तापाने फणफणून दवाखान्यात पडली, तेव्हाही या लाटसाहेबाने फोन उचलला नाही. तोवर रंजू त्याला 'खुशबूचे बाबा' म्हणायची. त्या दिवसापासून 'तो माणूस' म्हणायला लागली.

तिला त्याच्याकडून फार काही नको होतं. येतो म्हण, नाहीतर येत नाही म्हण, पण पोरीला तुझ्या तोंडाने सांग. एवढंच. कारण खुशबू रोज शाळेतून आली की पायरीवर बसायची ती बसस्टॉपकडच्या रस्त्याकडे तोंड करून.

"आयकलं का आत्याबाई?" रंजूने घराच्या दिशेने तोंड केलं. "तुमचा लेक जित्ता हाये. गेम खेळून राहिला."

गुणाबाई आतून म्हणाली, "कामात असन वं तो. कंपनीचं काम म्हंजे काय खेळ हाये?"

"खेळच तं खेळून राहिला ना तुमचा पोरगा!"

गुणाबाई आपली आत उगाच भांडी वाजवत राहिली.

हा गेम बापानेच लेकीला शिकवला होता. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा दोघं कडुनिंबाखाली खाटेवर पालथे पडून आपापल्या फोनमध्ये ठोकळ्यांचं गाव बांधत बसायचे. ते गाव दोघांचं. एक नसला तरी दुसऱ्याला त्यात जाता येई. खुशबूने त्यात आधी तलाव खोदला, मग घर, मग फुलझाडं लावली आणि मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या. माश्या फुलांवर जाऊन जाऊन पेटी भरली की तिच्यातून पिवळं ठिबकायला लागतं. मग काचेची बाटली लावायची. पण पेटीखाली शेकोटी पेटलेली पाहिजे. धूर असला की माश्या गप बसतात, मध नेला तरी काही करत नाहीत. खुशबूने सगळ्या माश्यांना बाजारातल्या बायकांची नावं दिली होती, सीताबाई, जनाबाई, ललिताबाई. का, तर त्याही दिवसभर भुणभुणतात.

रंजूने फोन हातात घेऊन पाहिलं. पेट्यांशेजारी एक संदूक होती, तिच्यावर पाटी, 'खुशबूचा वाटा'. आत मधाच्या बाटल्या रांगेने ठेवलेल्या.

गावातली रीतच तशी. तलावात मोठं जाळं ओढलं की काठावर माशांचे ढीग घालतात, आणि ज्याचा हात दोरीला लागला त्याचा ढीग पडतोच. मग तो दमून घरी जाऊन झोपलेला का असेना. दुसऱ्याचा वाटा खाणाऱ्याला इथे कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

"पाय, बाबा विसरले नाही," खुशबू म्हणाली.

"वाटा ठेवते म्हने!" रंजूचा आवाज चढला. "दोन बाटल्या ठेवल्या का झाला बाप! माय मरून राहिली होती तवा कुठी होता? हा वाटा नाही पोरी, हा धूर हाये. तुले धूर देऊन राहिला तो, गप बसाले."

खुशबूचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा कुठे रंजूने जीभ आवरली. पण राग कसला आवरतो! थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "ते शेकोटी विझवली तं काय होते?"

"तं माश्या चिडते. मध काढनाऱ्यावर तुटूनच पडते. तो मेला का सारं सामान सांडते त्याचं."

"मंग विझव. आत्ताच्या आत्ता विझव. येऊ दे त्याले मध काढाले."

"नाही!" खुशबूने फोन छातीशी धरला. "डंख मारला का माशी मरते, आई. माझ्या साऱ्या माश्या मरतीन."

त्या माणसाची शिक्षा त्या मुक्या जिवांना कशाला? मुके तरी कुठले, फोनमधले, पण पोरीचा जीव होता त्यांच्यात. रंजूने राग गिळला. मग दोघींनी मिळून दुसरी युक्ती काढली. गेममध्येच पेट्यांसमोर, डोळे फुटले तरी दिसेल अशा जागी, खुशबूने मोठी पाटी लावली, 'बाबा, तुमी कवा येता?'

"आता कसा उत्तर देत नाही पायतो," रंजू म्हणाली.

चार-पाच दिवसांनी मध पुन्हा काढलेला होता, खुशबूचा वाटा संदुकीत होता, आणि पाटी होती तशी होती. उत्तर नाही. पुढच्या खेपेला तेच. म्हणजे हा माणूस लेकीच्या प्रश्नासमोर उभा राहायचा, तो वाचायचा, आणि बाटल्या भरून चालता व्हायचा. त्या दिवशी बाजारात एका गिऱ्हाइकाने मरळ शिळी म्हटली, तर रंजूने त्याला असं काही झापलं की शेजारची जनाबाई टोपली घेऊन दोन हात लांब सरकली. "घरचा राग घरी ठेव ना वं," ती म्हणाली. "घरी मावत नाही तं मी काय करू!" रंजू म्हणाली.

आणि मग एका संध्याकाळी खुशबू आईजवळ आली आणि फोन तिच्यासमोर धरून उभी राहिली. 'बाबा, तुमी कवा येता?' ही पाटी उखडलेली. तिच्या जागी नवी कोरी संदूक, आणि संदुकीवर हिंदीत, 'छोटू का हिस्सा'. आत मधाच्या बाटल्या खच्चून भरलेल्या. खुशबूच्या संदुकीत एक थेंब नव्हता.

"कोन छोटू?" रंजूने विचारलं.

"मले काय माहीत."

गुणाबाईनेही डोळे बारीक करून पाहिलं. "असन कोनी दोस्त," ती म्हणाली. "रूमवरचा." पण या वेळी ते तिच्या तोंडातून जोर लावून निघालं, आणि म्हणताना तिने सुनेकडे पाहिलं नाही.

रंजूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाटा द्यायचा नसेल तर देऊ नको ना! पण लेकीचा प्रश्न उखडून टाकायचा? तिने लावलेली फुलं, तिने पाळलेल्या माश्या, आणि मध दुसऱ्याच्या संदुकीत? तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. परत पूर्ण वाजली. खुशबू रडली नाही, जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसली, पण रस्त्याकडे पाठ करून.

रविवारी दुपारी रंजू मासे घासत होती, गुणाबाई दाराशी जाळ्याचे फाटलेले डोळे विणत होती, आणि खुशबूच्या हातातला फोन अचानक वाजायला लागला. पडद्यावर भूपेशचं नाव. इतक्या महिन्यांनी! रंजू खवल्यांच्या हातानेच धावली. खुशबूने शांतपणे स्पीकर लावला.

"खुशबू! शेकोटी कोनं विझवली बे?"

पहिलं वाक्य हे. कशी आहेस नाही, आजी कशी आहे नाही. शेकोटी कोणी विझवली!

"मी," खुशबू म्हणाली.

"काहून? अरे, माश्याईनं मारून टाकलं ना मले! सारं सामान गेलं माझं. किती मेहनतीचं होतं, माहीत हाये का तुले? असं करते का कोनी?"

"तुमी माझा वाटा नाही ठेवला."

"अरे बेटा, ते... पुढच्या टायमाले ठेवतो ना. तू पयले शेकोटी पेटव. अन् हे पाय, आईजवळ फोन नको देऊ, आं?"

तेवढ्यात मागून, अगदी फोनजवळून, एका लहान मुलाचा रडका आवाज आला, "पापा! मेरा भी सब गिर गया, पापा! मधुमक्खी ने मुझे भी काटा!"

पलीकडे भूपेशने कोणाला तरी दबक्या आवाजात "चूप" म्हटलं, पण उशीर झाला होता.

कित्येक महिने रंजूने मनातल्या मनात शिव्यांची रास रचून ठेवली होती. हे म्हणेन, ते म्हणेन, सात पिढ्या काढीन. आता तोंड उघडलं तर त्यातली एकही सापडेना. जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्याला अरे-तुरे बोलली. "मी हावो इथंच, आयकून राहिली. सांग पोरीले. येतेस का नाही?"

"अवं रंजू, तू समजून तं घे..."

"समजली. तिले सांग."

ते पोरगं मागे पापा, पापा करतच होतं.

तेव्हा गुणाबाई उठली. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, पण उठली, आणि तिने नातीच्या हातातला फोन घेऊन तोंडाजवळ धरला. "भूपेश, मी तुही माय बोलून राहिली. मी दवाखान्यात पडली होती, तवा ह्या पोरीनं तुले रडत रडत फोन लावला, तं तुले आयकू नाही आला. आज गेममधी माशी चावली, तं लगेच फोन लागला, मुडद्या?"

"माय, आयक ना..."

"हट!" गुणाबाई म्हणाली. तिला फोन बंद करता येत नव्हता, म्हणून तिने तो खुशबूच्या हातात दिला. "बंद कर वं याले."

खुशबूने केला. गुणाबाई परत दाराशी जाऊन बसली, आणि तिने जाळं ओढून घेतलं, पण गाठ काही बसेना. रंजू लेकीजवळ पायरीवर टेकली. तिने विचारलं, "साऱ्या मेल्या का वं माश्या?"

"सीताबाई मेली. ललिताबाई बी." खुशबूचे डोळे आत्ता कुठे भरून आले. "फुलावर गेली होती म्हनून जनाबाई वाचली. तिले आता पेटीच्या खाली शेकोटी पाह्यजे, नाही तं ते बी मरन."

आणि पडद्यावर पुन्हा भूपेशचं नाव आलं. तलाव, घर, फुलं, ती एकटी माशी, सगळं त्या नावाखाली झाकून गेलं, आणि फोन वाजू लागला. रंजू त्या नावाकडे बघत होती. गुणाबाईने मान वर केली.

"आई, हे वाजून राहिलं तं मले काहीच करता नाही येत," खुशबू वैतागून म्हणाली. तिने बापाचा फोन कापला, नाक फ्रॉकला पुसलं, आणि शेकोटीसाठी लाकडं शोधायला लागली.