पलीकडच्या पाड्याची मॅडम

सायवनच्या पुढे, डोंगराकडेच्या पाड्यावर चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या एकुलत्या एका गुरुजींची दिवाळीनंतर बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. मुलं दुपारची खिचडी खाऊन घरी यायची. सुकऱ्या दुसऱ्यांच्या वाडीत चिकू उतरवायला जायचा. त्याची मुलगी तिसरीत होती आणि वाचायला शिकलेलं विसरत चालली होती. ते त्याला बघवेना.

त्यानं घरोघर फिरून लोकांना तयार केलं. एका सोमवारी मजुरी बुडवून सगळ्यांनी मुलांना टेम्पोत बसवलं आणि तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात साहेबांच्या दारासमोर नेलं. शिक्षक मिळेपर्यंत शाळा इथंच भरेल, असं सुकऱ्यानं सांगितलं. मुलं पाढे म्हणू लागली. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलं, तेव्हा साहेब बाहेर आले आणि उद्या शिक्षक येईल म्हणाले.

आली खरंच. रविना मॅडम, तळासरीकडची, कंत्राटी. मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलायची. पाड्यानं तिला हार घातला, पण ती काही हसली नाही.

संध्याकाळी सुकऱ्याची बहीण नवशी आली. तिला ओहोळापलीकडच्या पाड्यावर दिलेलं. ती ओट्यावर चढलीच नाही, अंगणातच उभी राहिली.

"ती आमची मॅडम होती, दादा," ती म्हणाली. "आमच्या शाळेत आता कोणीच नाही."

सुकऱ्याला हे माहीत नव्हतं. शिक्षक आणणार कुठून, हे त्यानं साहेबांना विचारलंच नव्हतं. तुम्हीपण मुलं घेऊन ऑफिसात बसा, असं तो म्हणाला. मग कुठल्या पाड्याची मॅडम काढतील, असं तिनं विचारलं आणि पाणीही न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं रविना मॅडमला गाठलं. निम्मे दिवस तिकडे जाता येईल का, म्हणून विचारलं. तशी परवानगी तिनं आधीच मागितली होती, मिळाली नव्हती. मानधन तर कित्येक महिने थकलेलं, त्यात पलीकडच्या पाड्याला थेट गाडी होती, इकडे आता दोन गाड्या बदलून यावं लागत होतं.

"मानधनासाठी मीपण त्याच दारात बसले होते, दादा," ती म्हणाली. "माझा कुणी व्हिडिओ काढला नाही."

होळीनंतर तिनं शाळा सोडली आणि गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. तिथं पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

सुकऱ्या पुन्हा घरोघर फिरला. आणखी एक मजुरी बुडवायला कुणी तयार होईना. पलीकडच्या पाड्यावरही गेला, दोन्ही पाडे मिळून जाऊ म्हणाला. नवशीच्या नवऱ्यानं चहा दिला, बघू म्हणाला. नवशी घरातून बाहेर आली नाही.

शेवटी तो एकटाच ऑफिसात गेला. साहेबांनी त्याला ओळखलं.

"तुम्हाला दिला होता ना शिक्षक?" ते म्हणाले. "तुम्हालाच टिकवता आला नाही."

जूनमध्ये त्यानं मुलीला लांबच्या आश्रमशाळेत घातलं. नवशीनंही तिच्या मुलासाठी तिथंच अर्ज केला होता. त्याला जागा मिळाली नाही.