पुस्तकातली मोरिना

लिजॉन अंगणात केवड्याच्या पातींची चटई विणत बसली होती. तेवढ्यात तिची भाची तेल्मी शाळेतून थेट तिच्याकडेच आली. तेल्मी पॅसिफिक महासागरातल्या त्यांच्या माजुरो बेटावरच्या शाळेत शिकवायची. अमेरिकेतून आलेल्या जुन्या पुस्तकांची खोकी त्या दिवशी तिने उपसली होती.

"मावशी, आधी हात पूस," ती म्हणाली आणि लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक तिने उलटं करून मांडीवर ठेवलं.

मागच्या पानावर फोटो होता. पुस्तक लिहिणारी गोरी बाई, आणि तिच्या कुशीत सहाएक वर्षांची मुलगी. मुलीच्या डाव्या कानाची पाळी चिरलेली. लिजॉनने बोट तिथेच टेकवलं. रांगता रांगता तिची लेक मोरिना पत्र्यावर पडली, तेव्हाची ती खूण.

आठ वर्षांपूर्वी, मोरिना वर्षाची असताना, मुलं दत्तक मिळवून देणारी एक दलालीण दारात आली होती. पोर अमेरिकेत शिकेल, मोठी होईल, म्हणाली. लिजॉनला त्यात वावगं काही वाटलं नाही. ती स्वतः आर्नो बेटावर मावशीकडे वाढलेली. दर रविवारी तिची आई होडीतून यायची, मासे आणायची, वेणी घालून जायची. मूल दिलं की त्याला दोन आया होतात, एवढंच तिला ठाऊक. सही करताना तिने विचारलं होतं, "सुट्टीत येईल ना?" दलालीण हसून म्हणाली होती, "येईल की!"

"वाच," लिजॉन म्हणाली.

तेल्मी एकेक ओळ आपल्या बोलीत सांगू लागली. "समुद्रात एक बेट होतं. तिथे एक चिमुरडी राहायची. तिची आई तिच्यावर फार माया करायची, रोज तिला..."

"तेल्मे, चित्रात पोर एकटीच बसलीय. लिहिलंय तेच वाच. माझ्यासाठी साखर घालू नकोस."

तेल्मीने मान खाली घातली. "तिला कुणीच नव्हतं. तिची आई देवाघरी गेली होती. चंद्र तिला अंगाई गायचा. मग एके दिवशी विमानातून नवी आई आली."

"म्हणजे मला मारूनच टाकलं की गं."

त्याच संध्याकाळी तेल्मीने प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी त्या गोऱ्या बाईचं उत्तर आलं. 'आई वारली असंच मला सांगितलं होतं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. कळल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. पण लेक रोज झोपताना स्वर्गातल्या आईचं नाव घेते. तिला आता कोणत्या तोंडाने सांगू? अठराची झाली की सांगेन. तोवर कृपा करून पत्र पाठवू नका.'

पत्र ऐकून लिजॉन पुन्हा पाती सोलू लागली. "बाई वाईट नाही. तिलाही फसवलंच. पण तेल्मे, अजून नऊ वर्षं मी मेलेलीच राहायचं?"

"मावशी, पुस्तक तूच ठेव. शाळेत नको ते."

"नको. माझ्या पेटीत कोण वाचणार? पोरांना वाचून दाखव. आणि शेवटी सांग, त्या मुलीची आई जिवंत आहे, खाडीकडच्या वळणावर राहते."

तेल्मीने तसंच केलं.

चार दिवसांनी दुसरीतली एक मुलगी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ टक लावून बघत होती. शेवटी धीर करून तिने विचारलं, "पुस्तकातली ती मेलेली आई तूच का गं?"

"हो, मीच. ये, बस."

लिजॉनने तिला भाजलेल्या विलायती फणसाची फोड दिली. मुलीने ती निवांत खाल्ली, ओठ पुसले आणि म्हणाली, "मग तू तिला हाक का नाही मारत?"

"फार लांब आहे गं ती."

"जोरात मार ना!"

मुलगी उड्या मारत वळणाआड गेली, तेव्हा लिजॉन उठून घरात गेली, दार लोटलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मोरिनाचं नाव घेऊन मोठ्याने रडली.