भिंतीकडची खुर्ची

भिंतीला पाठ टेकून उभी आहे ना, ती मीच बोलतेय. टेबलाभोवतीच्या खुर्च्या माझ्या सख्ख्या बहिणी. एकाच सुताराच्या हातच्या, एकाच लाकडाच्या. नशीब तेवढं वेगळं.

ही वाचनालय समितीची खोली. समितीत गावातली माणसं, आणि तिच्या वर निवडून आलेली नगरपरिषद. दोघांमध्ये निरोपांची ने-आण करायला परिषद आपला एक सदस्य इथे बसवते. त्याला सगळे ‘दुवा’ म्हणतात. मी त्या दुव्याची खुर्ची.

पूर्वी मीही टेबलाशीच होते. तेव्हाचा दुवा एक ठेकेदार होता. तो नुसता खाकरला तरी वर गेलेले हात खाली यायचे. समिती नावाला, कारभार त्याचा. शेवटी परिषदेने नियमच केला: दुव्याने ऐकावं, विचारलं तर माहिती द्यावी, मत देऊ नये आणि समितीचं म्हणणं जसंच्या तसं परिषदेत मांडावं. शिपाई मावशींनी त्याच दिवशी मला फरफटत भिंतीशी आणलं.

“इथेच बरी आहेस तू,” त्या म्हणाल्या. “टेबलाशी गेलं की माणसाची जीभ सैल सुटते.”

जीभ ठेकेदाराची आणि भिंत माझ्या वाट्याला! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मग बाई आल्या. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, परिषदेवर नव्याने निवडून आलेल्या. घरी एकट्याच. सगळ्यांच्या आधी यायच्या, माझ्यावर बसायच्या आणि स्वतःलाच बजावायच्या, “हाताची घडी, तोंडावर बोट!” मग आपल्याच बोलण्यावर हसायच्या. मला त्यांचा फार लळा लागला.

समितीत त्यांचा धाकटा भाऊ होता, शिंपी. बायको गेल्यापासून दुकान बंद केलं की तो वाचनालयाच्या संध्याकाळी उघड्या असणाऱ्या खोलीत जाऊन बसायचा. तिथे दिवा असे, वर्तमानपत्रं असत, चार माणसं असत. घरी नुसत्या भिंती.

एकदा तीच खोली बंद करायचा विषय निघाला. येणारे मोजकेच आणि उघडझाप करायला कोणी मिळेना. समितीत दोन्ही बाजूंना सारखेच हात वर झाले. शिंपी गर्रकन मागे वळला.

“ताई, तू बोल ना काहीतरी. तुझं ऐकतील सगळे.”

“ऐकतील, म्हणूनच बोलता येत नाही रे.”

“अगं, खोली गेली तर संध्याकाळी मी जाऊ कुठे?”

बाईंनी माझे हात इतके घट्ट धरले की माझा जुना सांधा कुरकुरला. पण तोंडावरचं बोट काही निघालं नाही. अध्यक्षांनी आपलं मत टाकलं, खोली बंद करावी असं ठरलं, आणि पुढे परिषदेनेही ते मानलं.

भावाने बोलणंच टाकलं. तो आपली खुर्ची मुद्दाम अशी ओढून बसे की बाईंना फक्त त्याची पाठ दिसावी. सदऱ्याची शिवण खांद्यापाशी उसवलेली. शिंप्याचाच सदरा, आणि तोही उसवलेला! बाई बैठकभर त्या शिवणीकडे बघत राहायच्या. सगळे गेल्यावरही त्यांना लवकर उठवत नसे.

त्यांची मुदत संपली. नवा दुवा म्हणून एक डॉक्टरीण आल्या. परिषदेवर मात्र त्या जुन्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी शिंप्याला थांबवलं.

“तुम्हीच ना बाईंचे भाऊ? परिषदेत त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या होत्या, शब्दन् शब्द. ‘संध्याकाळी मी जाऊ कुठे’ हेसुद्धा. मग मतदान झालं. तिथे त्यांना मत होतं ना! खोली राहावी म्हणून त्यांनी हात वर केला. एकट्यांनीच.”

खोली रिकामी झाल्यावर शिंपी पहिल्यांदाच माझ्यावर येऊन बसला. समोर त्याची स्वतःची खुर्ची होती, पाठ फिरवलेली. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

“मावशी,” तो म्हणाला, “ताईकडे आत्ता गेलं तर चालेल?”

“जा की,” मावशी झाडू मारता मारता म्हणाल्या. “एकटीच तर असते.”

तो गेला. मावशींनी दिवा मालवला. मी आहे तिथेच आहे.

मला टेबलाशी ओढू नका, माझी जागा मला पटली आहे. फक्त आपलं बोलून झालं की एकदा मागे वळून बघत जा. भिंतीशी कोणीतरी बसलेलं असतं.