आमदार पाष्ट्यांच्या चार निवडणुका

माझी धाकटी बहीण वनमाला हिचं लग्न झालं त्या साली, म्हणजे बासष्टला, माझे चुलतभाऊ बळवंत पाष्टे, म्हणजे आमचे दादा, पहिल्यांदा आमदारकीला उभे राहिले. लग्न भांडुपच्या टेकडीवर, आमच्या चाळीपुढच्या मोकळ्या जागेत झालं. दादांनी मांडववाल्याला सांगून मांडव आणखी एक दिवस ठेवून घेतला आणि त्यातच आपली पहिली सभा उरकली. वनमालाच्या सासरची काही माणसं अजून निघाली नव्हती. ती मानानं पुढे बसली. दादा टेकडीवरच्या पाण्याविषयी तळमळीनं बोलले. भाषण संपल्यावर नवऱ्यामुलाचा मामा उठला, आणि काय करायचं ते न सुचून त्यानं दादांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

दादा अपक्ष होते. त्यांना चिन्ह मिळालं शिडी. मी आणि दोघे-तिघे एक खरीखुरी बांबूची शिडी खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायचो. आमचा मतदारसंघ मुलुंडच्या सोसायट्यांपासून कांजूरच्या खाडीपर्यंत पसरलेला. मुलुंडला एका बाईंनी गॅलरीतून हाक मारली, "अहो, एका खोलीला चुना मारायचं काय घेता?" दादांनी त्यांना वर जाऊन नमस्कार केला आणि आपण उमेदवार आहोत असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "असाल हो. पण चुन्याचं काय?"

त्या निवडणुकीत दादांची अनामत रक्कम जप्त झाली. शिडी मात्र घरी राहिली. मथुरावहिनी, म्हणजे दादांच्या मंडळी, तिच्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या.

सदुसष्टला दादा पुन्हा उभे राहिले. ह्या खेपेला समोर दोन मोठे पक्ष आपसात भांडत होते आणि तिसऱ्याला वाव होता. दादा मतदानाआधी गावी गेले. आमचं गाव आंबेखोल, संगमेश्वराकडचं. तिथं वाघजाईच्या देवळात दादू गुरवानं त्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं. गुरवाचं गाऱ्हाणं लांबलचक असतं, पण नवस ज्याचा त्यानं बोलायचा असतो. दादा हात जोडून म्हणाले, "आई, निवडून आलो तर दरवर्षी शिमग्याला तुझी पालखी माझ्या ओटीवर मी स्वतः उतरवून घेईन. दुसऱ्या कुणाच्या हातानं नाही."

मी शेजारीच उभा होतो. आम्हां सगळ्यांना नवस फार आवडला. त्यात बोकड नव्हता की सोनं नव्हतं, आणि नाहीतरी शिमग्याला आमच्याकडचा कोण माणूस गावी जात नाही? आमदारकीची निवडणूक उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि शिमगाही तेव्हाच येतो, एवढं मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दादा तीनशे मतांनी निवडून आले.

आमदार झाल्यावर त्यांनी एक कोट शिवला. कौन्सिल हॉलमध्ये पाच वर्षांत ते कितीदा बोलले ते मला ठाऊक नाही, पण जेव्हा बोलले तेव्हा टेकडीवरच्या पाण्यावरच बोलले. मंत्री कोणीही असो, विषय कोणताही असो, दादा उठले की सभागृहाला कळायचं, आता भांडुपची टेकडी आली. एकदा दुष्काळावर चर्चा चालू असताना एक मंत्री म्हणाले, "पाष्टे, राज्यात बाकीही गावं आहेत." दादा म्हणाले, "असतील. त्यांनी आपापले आमदार पाठवले असतील."

शेवटी टाकी मंजूर झाली. खांब उभे राहिले, वरचं गोल भांडं अर्धं बांधून झालं, आणि बहात्तरची निवडणूक आली. दादांची एकच इच्छा होती. त्या टाकीचं पाणी आपल्या हातानं सोडायचं. त्यासाठी पुन्हा निवडून यायला हवं होतं. कारण ह्या वेळी समोर मुलुंडचे श्यामसुंदर वकील होते आणि ते सभेत उघड सांगत होते, "टाकी अर्धी पाष्ट्यांची. पुरी मी करीन."

तारीख जाहीर झाली त्या संध्याकाळी मथुरावहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, त्याच आठवड्यात होळी आहे."

"असू दे."

"तुमची सगळी मतं गावाला जातील पालखी नाचवायला."

"आपली माणसं आपल्यासाठी थांबतील," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. प्रत्येकजण चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, बाकी सगळे थांबतील, त्यांना मी दम दिलाय. मी थांबलोच असतो, पण आमच्याकडं पहिल्या खांद्याचा मान आहे." पहिल्या खांद्याचा मान असलेली माणसं मोजली असती तर पालखीला खांदा लावायला जागा उरली नसती. होळीच्या आदल्या दिवशी टेकडीवरच्या चाळींतून इतकी माणसं गेली की नळावर रांग लागेना.

कांजूरच्या कोळीवाड्यातल्या अंजनाबाई मासे घेऊन चाळीत यायच्या. बाईंच्या शब्दावर कोळीवाडा मत द्यायचा. त्या दादांना म्हणाल्या, "आमची होळी हितं पेटते, म्हणून आमची मतं हितं. तुमची होळी तिकडं. तुम्ही तिकडंच उभं राहायचं ना."

"बाय, तुमची तरी मला द्या."

"देऊ की. पण आमच्या एकट्यांच्या मतावर तुमचा आमदार कसा व्हायचा?"

दादांना स्वतःचा नवसही आठवत होता. पण त्यांना वाटत होतं, ओटीवर पालखी उतरवायला धाकटा भाऊ जयवंत आहे. तो गावीच राहायचा. देवी काय, पाच वर्षांतून एकदा समजून घेईल. त्यांनी मुलुंडच्या एका माणसाची बस ठरवली आणि मला सांगितलं, "चंदू, तू जा. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांना बसमध्ये घाल आणि घेऊन ये."

मी पहाटे निघालो आणि दिवस मावळायच्या आत आंबेखोलला पोचलो. बस पाहून गावाला फार आनंद झाला. "बळवंतानं बस पाठवली," असं म्हणत पोरं टपावर चढली आणि खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना पालखी पाहायला वरच्या वाडीत आणायला ती बस सुरू झाली. बसचा ड्रायव्हर दशरथ हा खेडचा. त्यानं ढोल ऐकला, चावी माझ्याकडं दिली आणि पालखीला खांदा लावायला गेला.

मी दादू गुरवाला गाठलं. म्हटलं, "गुरवा, परवा ही माणसं मुंबईला जायला पाहिजेत."

"न्या की," तो म्हणाला. "पण पालखी उठू दे आधी."

"उठू दे म्हणजे? कुठं बसलीय?"

"तुमच्याच दारात. दुपारधरनं."

पालखी आमच्या पाष्ट्यांच्या अंगणात होती. जयवंतनं आरती केली, बायकांनी ओटी भरली, पण उचलायला गेले तर ती जड झाली. चार दांडगे गडी लावले, हलेना. दादूनं गाऱ्हाणं घातलं आणि मग सगळ्या गावाला नवस आठवला. जयवंत ओटीवर तोंड पाडून बसला होता. मला म्हणाला, "मी सांगितलं देवीला, दादा निवडणुकीत आहे म्हणून. तिला काय त्याचं."

पाष्ट्यांच्या पुढची सगळी घरं पालखीची वाट पाहत होती. आपल्या घरी पालखी येऊन गेल्याशिवाय त्या घरचा माणूस गाव सोडत नाही. म्हणजे देवी उठल्याशिवाय एकही मत बसमध्ये चढणार नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाऊन दादांना तार केली. देवी दारात बसली आहे, तुमची वाट पाहते आहे.

तार पोचली तेव्हा दादा मुलुंडच्या शेवटच्या सभेत होते. पुढचं मला मथुरावहिनींनी सांगितलं. दादांनी तार वाचली, खिशात घातली, भाषणाचं एक वाक्य बोलले आणि तिथंच थांबले. घरी येऊन म्हणाले, "जाऊ नको म्हणतेस काय?"

वहिनी म्हणाल्या, "मी काय म्हणू? नवस मी नव्हता बोलला."

"गेलो तर माझं मत पडणार नाही. नाही गेलो तरी माणसं यायची नाहीत."

"मग जा. निदान एकीला तरी दिलेला शब्द राहील."

दादा त्याच रात्री एका मित्राची जीप घेऊन निघाले. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपार कलताना ते अंगणात उतरले, कोटासकट. कोट काढून जयवंतकडं दिला, पाय धुतले, आणि पालखीसमोर आडवे झाले. दादू म्हणाला, "बळवंता, बोल."

"चुकलं," दादा म्हणाले.

"एवढंच?"

"सभागृहात पण मी कमीच बोलतो."

त्यांनी दांडीला खांदा लावला आणि पालखी उठली. नुसती उठली नाही, वर उसळली. ढोल कडाडले, गुलाल उधळला, दादा तिला घेऊन अंगणभर नाचले आणि मग हातानं ओटीवर उतरवून घेतली. मी बसपाशी धावलो आणि ओरडून सांगितलं, "चला, चढा सगळे."

कुणी हललं नाही. दादांच्या पुढच्या घरचा म्हातारा म्हणाला, "आमदाराच्या घरी आली, आमच्या घरी येऊ दे. मग आहेच बस." त्याच्या पुढच्यानंही तेच म्हटलं. दादांनी हात जोडून विनवलं, पालखी जरा घाईनं फिरवू. गाव लगेच कबूल झालं. पण घाई करायची तर कुणाचं घर मागं ठेवायचं, ह्यावर भांडण लागलं. मधल्या वाडीनं आपला मान सोडायचं नाकारलं, वरच्या वाडीनं मधल्या वाडीचे पूर्वज काढले, आणि दोन्हीकडची मतं दादांची असल्यामुळं दादांना कुणालाच काही बोलता येईना. घाई करायची ठरवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात चार घरं झाली असती.

मतदानाच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर शेवटचं घर झालं. बस गच्च भरली. दादा ड्रायव्हरशेजारी बसले. वाटेत ते एकदाच बोलले, "दशरथ, जरा पळव रे." दशरथचे खांदे सुजले होते. तो म्हणाला, "साहेब, माझं बी मत होतं. माझं बी गेलं."

भांडुपला पोचलो तेव्हा मतपेट्यांना सील लागून त्या निघूनही गेल्या होत्या. आम्ही सगळे पायापासून केसांपर्यंत गुलालात. नाक्यावरच्या लोकांनी बसमधून गुलालानं माखलेले आमदार उतरताना पाहिले आणि त्यांना वाटलं, निकाल लागला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. हॉटेलवाल्यानं दादांच्या गळ्यात हार घातला. दादा सांगत होते, "अरे, अजून मोजणी नाही," पण ऐकतो कोण. दादांनी हार काढला नाही. मला म्हणाले, "राहू दे चंदू, पुढं मिळेल न मिळेल."

घरी मथुरावहिनींच्या बोटाला शाई लागलेली होती. दादांनी विचारलं, "दिलंस मत?"

"दिलं. ह्या घरातलं एकच पडलं."

"कुणाला?"

"ते विचारायचं नसतं. तुम्ही आमदार ना?"

दादा दोनशे बारा मतांनी पडले. आंबेखोलातली आणि आसपासच्या गावांतली आमची मतं त्याच्या तिपटीनं होती.

टाकी पुढच्या वर्षी पुरी झाली. पाणी श्यामसुंदर वकिलांनी सोडलं आणि दगडावर त्यांचंच नाव लागलं. दादा आमच्याबरोबर गर्दीत उभे होते. वकिलांनी त्यांना मंचावर बोलावलं, तर म्हणाले, "इथून पाणी जास्त चांगलं दिसतंय." नळाला पाणी आल्यावर मथुरावहिनींनी भरलेली कळशी त्यांच्यापुढं आणून ठेवली. दादा प्यायले आणि म्हणाले, "क्लोरीन जास्त आहे." आयुष्यात ते एवढंच वकिलांच्या विरोधात बोलले.

अठ्ठ्याहत्तरला दादा परत उभे राहिले. ह्या वेळी शिमगा मतदानानंतर महिन्यानं होता. एकही माणूस गावी गेला नाही. सगळ्यांनी सकाळी आंघोळी करून मतं दिली, आणि दादा चार हजार मतांनी पडले. दादू गुरव तेव्हा म्हणाला, "बघ, बहात्तरला देवीनं तुझं दोनशेवर भागवलं होतं." दादांना हे पटलं. पुढच्या महिन्यात ते नवसाप्रमाणं पालखी उतरवायला गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. आमदारकी नव्हती तरी नवस चालूच होता, कारण निवडून आलो तर दरवर्षी असं ते बोलले होते आणि एकदा ते आले होते.

बळवंत पाष्टे एकोणीसशे एकोणऐंशी साली श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडुपच्या राहत्या घरी वारले. मथुरावहिनी त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, ब्याऐंशीच्या पौष महिन्यात गेल्या.