यारोशसाहेबांच्या टबातला मासा

यारोशसाहेबांनी सांगितलं की मासा जिवंत हवा आणि नाताळापर्यंत चार दिवस तो आंघोळीच्या टबात राहील, तेव्हा त्यांचा खानसामा एलिया "हो साहेब" म्हणाला. नोकरी कायम होईपर्यंत कशालाही "हो साहेब"च म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. कायम झाली की बंगल्यामागची पक्की खोली मिळणार होती, आणि खोली मिळाली तरच त्याची बायको दया माहेराहून, नगरहून, येणार होती. सासऱ्यांनी तसं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. लग्नाला सात महिने झाले होते आणि त्यातले सहा पत्रांतच गेले होते.

नेवाशाजवळ प्रवरेकाठी साखर कारखाना उभा राहत होता. यंत्रं झेक देशातून आली होती आणि ती जोडायला यारोशसाहेब. इंग्रज जाऊन चारच महिने झाले असताना हा एक गोरा उलट इकडं कसा आला, याचा उलगडा गावाला अजून झाला नव्हता. साहेबांनी मराठी उचलली ती फिटर लोकांकडून, त्यामुळे मिशन शाळेत सातवी झालेल्या एलियापेक्षा ती जास्त गावरान होती.

"आमच्या गावात असंच हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या गावाचं नाव एलियाला काही केल्या उच्चारता येईना, म्हणून तो 'तिकडचं गाव' म्हणे. तिकडच्या गावात नदी होती, नदीवर बंधारा होता, पुलावर नाक तुटलेला दगडी संत होता. पाद्री, मास्तर आणि नगराध्यक्ष रोज संध्याकाळी एकाच गुत्त्यात बसत आणि तिघांचे पेले भिंतीवर नावानिशी टांगलेले असत. आग विझवणाऱ्यांचा बँड होता. आग फारशी लागत नसल्यानं ते वाजवतच असत. आणि नाताळाच्या आधी चौकात माशांची पिंपं येत, घरोघर एकेक मासा टबात मुक्कामाला जाई.

मासा आणला भिमाजी भोयानं, ओल्या पोत्यात घालून.

"दादा, चार दिस जगवायचा म्हंजी मरळच पायजे. पान्याभायेर बी लवकर मरत न्हाई. पन ह्यो टबात कशापायी?"

"तिकडची रीत आहे."

"मंग साहेब कुठं न्हानार?"

"न्हाणार नाहीत."

"चार दिस?"

"चार दिवस."

भिमाजीनं टबाकडे पाहिलं, एलियाकडे पाहिलं आणि रिकामं पोतं घडी घालून काखेत मारलं. "लई थंडी असंल तिकडं," एवढंच बोलून तो गेला.

साहेबांनी मरळीचं तोंड बराच वेळ न्याहाळलं. "ह्यो आमच्याकडचा न्हाई. पन नगराध्यक्षावानी दिसतो." त्यांनी त्याचं नाव व्हेंझल ठेवलं. मग रोज संध्याकाळी ते टबाशेजारी स्टुलावर बसून त्याच्याशी आपल्या भाषेत हळू आवाजात बोलू लागले. तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना एलियाच्या तोंडून "सरका जरा" निघून गेलं. माशाला अहोजाहो केल्याचं त्याच्या मागाहून लक्षात आलं.

चोवीस तारखेला साहेबांनी सकाळचा चहा परत पाठवला.

"आज उपास. दिवसभर खाल्लं न्हाई तर सांजच्याला भित्तीवर सोन्याचं डुक्कर दिसतं."

"हो साहेब," एलिया म्हणाला.

हे सगळं पाणी भरणाऱ्या गोजरबाईनं ऐकलं. माशापुढं पुटपुटणं तिनं आधीच पाहिलं होतं. त्यात आता कडक उपास. तिनं घागर खाली ठेवली.

"एलियाभाऊ, तुमी किरिस्ताव, तुमाला न्हाई कळायचं. मच्छावतार हाय त्यो. साहेब अनुष्ठानाला बसल्यात."

"मावशी, तो रात्री शिजायचाय."

"जीभ झडंल!"

दुपारी तीनपर्यंत व्हरांड्यात अकरा बायका हळदीकुंकू घेऊन बसल्या होत्या. गर्दी कसली म्हणून कारखान्याचे हेडक्लार्क शामकांतराव पाहायला आले. त्यांनी मासा पाहिला, डुकराचंही ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मत्स्य पहिला. डुक्कर म्हणजे वराह, तो तिसरा. मधलं कासव कुठंय?"

फायलीतला कागद गहाळ असावा तशा सुरात त्यांनी विचारलं. तासाभरात भिमाजी कासव घेऊन आला. एलियानं तेही टबात सोडलं. नाही कसं म्हणतात, हे तो एव्हाना विसरला होता.

"आणि वराह?"

"तो भिंतीवर दिसणार आहे, रावसाहेब."

शामकांतरावांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावून घेतली.

ऊन उतरलं तेव्हा एलिया सुरीला तिसऱ्यांदा धार लावत होता. मासा कापावा, तर बाहेर अकरा बायका. न कापावा, तर साहेबांचा वर्षाचा सण बुडतो, खोली जाते आणि दया नगरलाच राहते. शेवटी दयेचं नाव घेऊन त्यानं सुरी उचलली आणि न्हाणीघराचं दार लोटलं.

आत साहेब बाह्या सारून स्टुलावर बसले होते. त्यांच्याही हातात सुरी होती.

"तू मार," साहेब म्हणाले.

"तुम्हीच मारा, साहेब."

व्हेंझलनं कासवाला वळसा घातला.

"तिकडे कोण मारतं?" एलियानं विचारलं.

"बाप. माझा बाप दर वर्साला सुरी घिऊन आत जायचा. मंग बादली घिऊन मागच्या दारानं नदीवर. एका वर्साला मी त्याच्यामागं गेलतो. बंधाऱ्यावर समद्या गावाचे बाप हुबे. हरेकाच्या बादलीत जिता मासा. कुनी कुनाकडं बघंना."

"मग जेवायचात काय?"

"आई हुशार हुती. तिनं बाजारातून कापलेला आनून ठेवलेला असायचा."

एलियानं सुरी खाली ठेवली. "मी नाही आणलेला, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत हा माणूस प्रथमच 'नाही' म्हणाला होता.

"बटाटे हायत?"

"आहेत."

"बादली आन."

पुढं बादली घेऊन साहेब, मागं कासव घेऊन एलिया, त्यामागं अकरा बायका आणि सगळ्यांत शेवटी, भिंत सोडवत नसलेले शामकांतराव, अशी ती मंडळी प्रवरेवर गेली. गोजरबाईनं व्हेंझलला हळद लावली. साहेबांनी बादली पाण्यात कलती केली, तसा तो वळूनही न बघता निघून गेला, मागोमाग कासवही. "आमच्या गावात ह्या वक्ताला कुनी बघत नसतं," साहेब कुजबुजले. काठावरचे सगळे डोळे फाडून बघत होते. त्या रात्री साहेबांनी उकडलेले बटाटे दोनदा मागून घेतले. खोली गेलीच असं धरून एलियानं मनातल्या मनात सासऱ्यांना पत्र लिहायला घेतलं.

दोन दिवसांनी शामकांतरावांनी त्याला कचेरीत बोलावलं. साहेबांची इंग्रजी चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली होती. चौथ्यांदा मराठी करून मोठ्यानं वाचली.

"'एलिया बटाटे बरे करतो. त्याच्यानं मासा मारवत नाही. आमच्या गावात अशा माणसाला घर असतं.' ही तक्रार आहे की शिफारस?"

"मला नाही कळत, रावसाहेब."

"आणि त्यांच्या गावचा नियम इथं कसा लागू?"

एलियानं खूप विचार केला. "यंत्रं तिथलीच आहेत ना."

शामकांतरावांनी खिडकीतून बाहेरच्या यंत्रांकडे पाहिलं. त्यांनी शिक्का मारला आणि किल्ली टेबलावरून पुढं सरकवली.

खोलीच्या पायरीवर बसून एलियानं दयेला पत्र लिहायला घेतलं. खोली का मिळाली ते सांगायला त्यानं चार कागद खराब केले. एकात मासा आधी आला, एकात डुक्कर, एकात कासव कुठून आलं तेच सांगता येईना. पाचव्यावर त्यानं लिहिलं, "खोली मिळाली आहे. शुक्रवारी ये. कारण मला विचारू नकोस, आणि तुझ्या वडिलांना तर मुळीच विचारू देऊ नकोस."